लातेकोएर २९८ : तरंड्यांच्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, टूलूझ

आज कामाला सुरुवात केली. लातेकोएर २९८ या फ्रेंच आरमाराच्या टॉर्पेडोवाहू जलविमानाच्या पहिल्या नमुन्याची, म्हणजे २९८-०१ ची, एकास सोळा या प्रमाणात प्रतिकृती करायची आहे. ती काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नाही. पाण्यात ठेवून, दोरीने ओढून, तिच्या तळाखाली पाणी कसे वागते ते पाहण्यासाठी आहे. ज्या शहरात मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे राहतो आहे, त्याच शहरात पिएर-जॉर्ज लातेकोएर यांनी १९१७ मध्ये माँतोद्राँच्या माळावर विमानांचा कारखाना उभा केला. टपाल वाहणाऱ्या त्यांच्या विमानांविषयी इथे शाळकरी मुलेसुद्धा सांगू शकतात. आरमारासाठी केलेल्या या जलविमानाविषयी मात्र फार कमी बोलले जाते, आणि मला त्याचीच ओढ आहे.

पायाभूत आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पंखांचा विस्तार १५.५० मीटर, लांबी १२.५६ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ३१.६ चौरस मीटर, रिकाम्या विमानाचे वजन साधारण ३०६० किलो आणि भरलेल्या विमानाचे सुमारे ४७९० किलो. इंजिन इस्पानो-सुइझा १२वाय जातीचे, बारा सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे. कारखान्यातून पुढे जी विमाने बाहेर पडली त्यांत ते ८८० अश्वशक्तीचे होते. पोटाखाली ४०० मिलिमीटर व्यासाचा, सुमारे ६७० किलो वजनाचा टॉर्पेडो. एकास सोळा या प्रमाणात विस्तार ९७ सेंटिमीटर आणि लांबी साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर येते, म्हणजे प्रतिकृती गाडीच्या मागच्या आसनावर मावेल.

‘फ्लोट’साठी या नोंदींत मी ‘तरंडा’ हा शब्द वापरणार आहे. तो आपल्याकडे आहेच आणि या वस्तूला नेमका बसतो.

१९ जानेवारी

प्रमाण ठरवताना सोळाच का, हे लिहून ठेवायला हवे. पाण्यावरून जाणाऱ्या वस्तूच्या लहान प्रतिकृतीवरून मोठ्या वस्तूचे वर्तन समजून घ्यायचे असेल, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करावा लागतो. विल्यम फ्राउड यांनी एकोणिसाव्या शतकात जहाजांसाठी घालून दिलेला हा नियम जलविमानांनाही लागू पडतो. सोळाचे वर्गमूळ चार, त्यामुळे माझ्या प्रतिकृतीचा वेग खऱ्या विमानाच्या वेगाच्या बरोबर एकचतुर्थांश आणि वजन सोळाच्या घनाने, म्हणजे ४०९६ ने, भागलेले. हिशोब तोंडी करता येतो, आणि तळ्याच्या काठावर बोटे गारठलेली असताना त्याचा फार उपयोग होतो.

४७९० किलोला ४०९६ ने भागले की ११७० ग्रॅम येतात. पण विमान समुद्राच्या पाण्यासाठी होते आणि मी ते गोड्या पाण्यात ओढणार आहे. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे तरंडे तेवढेच बुडायला हवे असतील तर प्रतिकृतीचे वजन ११४२ ग्रॅमच ठेवावे लागेल. अठ्ठावीस ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण तो सोडला तर पुढची सगळी मापे त्यातून बिघडतील.

उड्डाणाचा वेग अंदाजाने काढला. पंखाच्या एका चौरस मीटरवर सुमारे १५२ किलो भार येतो. पंखाचा कमाल उत्थापन गुणांक, म्हणजे पंख किती उचल देऊ शकतो त्याचे माप, १.६ धरला तर विमान ताशी १४० किलोमीटरच्या आसपास पाणी सोडते. प्रतिकृतीसाठी हा वेग सेकंदाला ९.७ मीटर होतो. माझे खरे लक्ष मात्र त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाकडे आहे, कारण तरंडे पाणी कापत जाण्याचे सोडून पाण्यावर घसरू लागतात ते तिथे, आणि पाण्याचा विरोधही तिथेच सर्वांत जास्त असतो. विरोधाच्या त्या टेकाडावरून पार झालेले विमान उडते. न झालेले नुसते फेस उडवत किनाऱ्याला समांतर धावत राहते.

२ फेब्रुवारी

तरंड्यांची आकारमाने ठरवली. भरलेले विमान सुमारे ४.७ घनमीटर पाणी बाजूला सारते. लाटेत एखादा तरंडा खोल गेला तरी तो वर येण्यासाठी त्याच्याजवळ शिल्लक तरंगशक्ती असावी लागते. मी ती नव्वद टक्के धरली, म्हणजे दोन्ही तरंडे मिळून ८.९ घनमीटर आणि प्रतिकृतीत प्रत्येकी १.०९ लिटर. जुनी छायाचित्रे आणि तीन बाजूंची आकृती समोर ठेवून आडव्या छेदांच्या रेषा मी स्वतः आखल्या आहेत; त्यामुळे पुढे जे निष्कर्ष निघतील ते माझ्या रेषांचे असतील, लातेकोएरच्या आरेखकांच्या रेषांचे नव्हेत, हे मी स्वतःला आत्ताच बजावून ठेवतो.

तरंडा कसा घडवायचा याबद्दल रात्री बाबांशी बोललो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी पस्तीस वर्षे ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठी लागणारे नमुने, केले आहेत. आकृती फोनवर पाहून त्यांनी पहिल्याच वाक्यात मार्ग दाखवला. “अरे, हा दोन भागांचा पॅटर्न आहे. मधून फाळणी कर, दोन्ही अर्धुकं पाटावर उलटी ठेवून रंधून काढ, लाकडी खुंट्या घालून जोड. एकसंध ठोकळ्यातून कोरायला गेलास तर दोन्ही बाजू कधी सारख्या यायच्या नाहीत.” त्यांच्या सांगण्यावरून फाळणीची रेषा तरंड्याच्या कण्यावरून, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेवरून, उभी घेतली. पॉप्लरच्या फळ्या आणल्या आहेत. इथल्या नदीकाठच्या बागांत ही झाडे रांगेने लावलेली असतात आणि त्यांचे लाकूड हलके असून कडक रेषांचा त्रास देत नाही.

९ फेब्रुवारी

ज्या दुकानातून फळ्या घेतल्या तिथे त्या कोरड्या असल्याचे सांगितले होते, पण आठवडाभरात दोन फळ्या पिळल्या. दोन्ही बाजूला टाकल्या. उरलेल्या घरात उभ्या करून ठेवल्या आहेत. दोन आठवडे हात लावणार नाही.

२३ फेब्रुवारी

लाकूड सुकेपर्यंत वजनाचा हिशोब केला, आणि या विमानाविषयीचा माझा मुख्य प्रश्न त्यातूनच पुढे आला.

रिकाम्या आणि भरलेल्या वजनात सुमारे १७३० किलोंचा फरक आहे. त्यातून तीन माणसे आणि त्यांचे सामान मिळून २७० किलो वजा केले, टॉर्पेडोचे ६७० किलो वजा केले, की इंधन, तेल, बंदुका आणि काडतुसे या सगळ्यांसाठी ७९० किलो उरतात. पंखांत पुढे रोखलेल्या दोन स्थिर मशीनगन आणि मागच्या माणसाच्या हाती फिरती एक, सगळ्या ७.५ मिलिमीटरच्या. तेव्हा टॉर्पेडो घेऊन निघालेल्या विमानात इंधन साधारण ५६० किलो असेल असे मी धरतो.

या विमानाच्या आरेखनातला सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय म्हणजे इंधनाच्या टाक्या तरंड्यांत ठेवलेल्या आहेत. त्या काळातल्या बहुतेक विमानांत त्या धडात किंवा पंखांत असत. तरंडा हा हवेत गेल्यावर निव्वळ ओझे असतो. आकाशात त्याला काहीही काम नसते, उलट तो हवेचा विरोध वाढवतो. त्याच्या पोकळीला काम देणे ही मला मोठी अक्कलहुशारीची गोष्ट वाटते. पण हे करण्यामागचे मुख्य कारण कोणते असावे? माझा आजचा समज असा की इंधन खाली गेल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि विमान पाण्यावर स्थिर राहते. प्रतिकृतीत दोन्ही प्रकारे भार ठेवता येईल अशी सोय करायची: तरंड्यांत प्रत्येकी ६७ ग्रॅम, किंवा तेवढाच एकूण भार धडात. टॉर्पेडोसाठी १६० ग्रॅम.

१५ मार्च, एताँ द बेर

दोन दिवसांची सुटी जोडून मार्सेयजवळच्या बेरच्या विस्तीर्ण खाऱ्या तळ्यावर आलो आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा २९८ विमानांची एक तुकडी इथल्या आरमारी तळावर होती आणि दुसरी इंग्लिश खाडीवरच्या शेर्बूरला.

हे पाणी त्याहूनही जुन्या कारणासाठी पाहायचे होते. २८ मार्च १९१० रोजी मार्तिगजवळ याच तळ्यावरून आँरी फाब्र यांनी स्वतःच्या शक्तीवर उडणारे पहिले जलविमान वर नेले. त्याला पन्नास अश्वशक्तीचे ग्नोम इंजिन होते. फाब्र यांचे तरंडे वरून फुगीर आणि खालून सपाट होते. ते इतके उपयुक्त ठरले की दुसऱ्यांच्या विमानांनाही बसवले गेले. फ्रेंच आरमाराच्या सुरुवातीच्या व्हॉयझाँ जलविमानालाही ते होते. काठावर उभे राहून मी त्या सपाट तळाचा विचार करत होतो. शांत तळ्यात तो चालतो, पण लाटेवर आपटला की पोळपाट आपटावा तसा धक्का देतो, आणि विमान जड होत गेले की पाणी त्याला चिकटून बसते. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा करणे आणि मध्यावर पायरी घालणे या दोन सुधारणा त्यानंतर रूढ झाल्या. २९८ च्या तरंड्यात त्या दोन्ही आहेत.

पायरीचे काम थोडक्यात असे. वेगात जाताना पाणी तळाच्या पुढच्या भागावर दाब देऊन विमान उचलते. मागचा भाग पाण्याला लागूनच राहिला, तर तो ओला पृष्ठभाग विमानाला मागे आणि खाली ओढत राहतो. तळ मध्येच एकदम तोडून वर उचलला की पाणी त्या कडेपाशी सुटते, मागे हवा शिरते आणि तरंड्याचा मागचा अर्धा भाग कोरडा होतो. ही कड गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असावी लागते, म्हणजे वैमानिकाला उड्डाणासाठी नाक वर घेता येते.

दुपारी जोराचा मिस्त्राल वारा सुटला आणि पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठल्या. पाच टनांच्या आसपासचे विमान अशा पाण्यात उतरवणाऱ्या माणसांबद्दल मनात आदर दाटून आला.

३० मार्च

दोन्ही तरंडे रंधून, आतून पोकळ कोरून, जोडून झाले. जोडावर लांबी (पुट्टी) भरली, सुकल्यावर आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपर मारला, वर पातळ वॉर्निशचे तीन हात दिले. बादली काठोकाठ भरून एकेक तरंडा बुडवला आणि सांडलेले पाणी मोजले. डावा १.०७ लिटर, उजवा १.०६. बाबांना आकडे कळवले तेव्हा ते म्हणाले, “एक टक्क्याच्या आत आहे, आमच्या कारखान्यात पास झाला असता.” मला दिवसभर बरे वाटले.

धडाचे काम त्यापुढे सोपे गेले. आडवा छेद लंबवर्तुळाकार, पंख धडाच्या मध्यावर आणि बाहेरून कोणत्याही ताणाचा आधार नसलेले. खरे विमान संपूर्ण धातूचे होते आणि त्याचा पत्रा स्वतः भार घेत असे. माझे धड बाल्साच्या पट्ट्यांचे आहे. पोटाला टॉर्पेडोसाठी लांब खोबण कोरली. टॉर्पेडो तिच्यात अर्धवट शिरून बसतो, त्यामुळे तो हवेत पूर्ण उघडा लोंबत नाही. पंख मध्यावर आल्यामुळे त्यांचे मुख्य तुळईसारखे आधार धडातून टॉर्पेडोच्या वरून जाऊ शकतात, आणि खोबणीला जागा राहते. तरंड्यांना धडाशी जोडणारे खांब बसवतानाही टॉर्पेडोच लक्षात ठेवावा लागतो, कारण दोन तरंड्यांच्या मधून सरळ खाली पडण्याची त्याची वाट मोकळी असली पाहिजे. तिथे आडव्या दांड्या टाकून जोड पक्का करण्याचा सोपा मार्ग बंद होतो, आणि खांबांचा सगळा जोर वरच्या सांध्यांवर येतो. माझ्या प्रतिकृतीत हे सांधे दोनदा हलले. तिसऱ्या वेळी पितळी नळी घालून डाख दिला.

१२ एप्रिल

न्हाणीघरातल्या टबात पहिली चाचणी. वजन ११४४ ग्रॅम भरले. विमान सरळ तरंगले, पण शेपटीकडे थोडे बसले. नाकात सोळा ग्रॅम शिसे घालून तेवढेच मागून काढले, तेव्हा आखलेली पाणरेषा सगळीकडे सारखी आली. तरंड्याच्या पुढच्या टोकाला आपल्या कोकणातल्या होड्यांचा ‘नाळ’ हा शब्द मी वापरू लागलो आहे, आणि नाळेपाशी पाणरेषेच्या वर जी लाकडाची पट्टी कोरडी दिसते ती पाहून समाधान होते.

२७ एप्रिल

पहाटे टूलूझजवळच्या ला रामेच्या तळ्यावर पहिली ओढ. वारा नव्हता; इथला जोरदार ओताँ वारा आज दिवसभर येणार नाही असा अंदाज पाहूनच निघालो होतो.

ओढण्याची यंत्रणा अशी केली आहे. प्लायवुडचे १४० मिलिमीटर व्यासाचे चाक ड्रिलयंत्रावर बसवले असून त्याच्या एका फेऱ्यात ४४ सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते. ड्रिल एका घसरत्या फळीवर आवळले आहे आणि ती फळी मागून स्प्रिंग-काट्याने धरलेली आहे, त्यामुळे दोरीवर जितका ताण येतो तितका काटा दाखवतो. काट्यासमोर एक फोन आणि पाण्याच्या बाजूला दुसरा, सेकंदाला २४० चित्रे घेणारा.

सेकंदाला दोन मीटरपर्यंत सगळे ठीक होते. तीन मीटरच्या पुढे नाळ उचलली गेली, शेपूट बसली आणि काटा भराभर चढू लागला. सव्वाचार मीटरला तो ३१० ग्रॅमवर गेला, म्हणजे विमानाच्या वजनाच्या २७ टक्के. वेग आणखी वाढवताच प्रतिकृती मागेपुढे झुलू लागली, प्रत्येक झोल्याला झोका वाढत गेला, आणि चौथ्या की पाचव्या उडीला उजवा तरंडा नाळेने पाण्यात घुसून विमान उलटले. काठापासून पंधरा मीटरवर ते पोट वर करून तरंगत राहिले. दोरीने हळूच ओढून आणले. डाव्या पंखाचे टोक तुटले आहे. बाकी शाबूत.

४ मे

उलटण्याचे कारण शोधण्यात आठवडा गेला. गुरुत्वमध्य पुन्हा मोजला, तो जागेवर होता. चित्रण दहा वेळा पाहिले, तेव्हा उजव्या तरंड्यामागचे पाणी डाव्याहून वेगळे दिसते असा संशय आला.

आईने मागे कपड्यांसाठी पाठवलेली नीळ घरात होती. ती तेलात कालवून दोन्ही तरंड्यांच्या तळाला पातळ लावली आणि तळ्यावर एकच छोटी, टेकाडाच्या वेगाची ओढ घेतली. घरी आणून तळ खिडकीपाशी उलटा धरला. डाव्या तरंड्यावर निळ्या रेषा कण्यापासून दोन्ही कडांकडे पिसासारख्या तिरप्या गेल्या होत्या, पायरीच्या कडेपर्यंत पोचून सुरीने कापल्यासारख्या थांबल्या होत्या, आणि पायरीमागे नीळ जशी लावली तशीच गुळगुळीत होती. उजव्या तरंड्यावर त्याच रेषा पायरीवरून वळून, कड ओलांडून, मागच्या तळावर दोन बोटे पुढे गेल्या होत्या. तिथे पाणी सुटले नव्हते.

पायरीची कड बोटाने चाचपली, तेव्हा कळले. उजव्या तरंड्याची कड पॉलिश पेपरने गोल झाली होती. हे माझ्या हाताच्या सवयीने झाले होते. बाबांच्या शेजारी बसून लहानपणी जे शिकलो त्यात धारदार कड हा दोष असतो. पॅटर्न वाळूतून वर उचलताना साचा मोडू नये म्हणून प्रत्येक कड मारायची, प्रत्येक कोपऱ्यात गोलाई भरायची आणि उभ्या बाजूंना उतार द्यायचा. फोनवर हे सांगितले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वाळूत कड मारायची असते. पाण्यात ठेवायची असते हे तू आता मला शिकवलंस.”

दोन्ही पायऱ्यांच्या कडांना पितळी पत्र्याची पट्टी बसवली. कानशीने धार काढली. तिथे आता पेपर लावायचा नाही.

८ मे

दुसऱ्या महायुद्धातल्या विजयदिनाची सुटी. आजच ओढ घेण्याचे आणखी एक कारण होते: २९८-०१ ने पहिले उड्डाण केले ते ८ मे १९३६ रोजी. तो काळ फ्रान्ससाठी साधा नव्हता. दोन महिन्यांपूर्वी, ७ मार्चला, जर्मन सैन्य तहाने लष्करबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये शिरले होते, आणि पाचच दिवसांपूर्वी झालेल्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पॉप्युलर फ्रंट ही डाव्या पक्षांची आघाडी जिंकली होती. नवे विमान त्या मे महिन्यात पाण्यावरून उठले, पण आरमाराच्या तुकड्यांपर्यंत ते पोचायला १९३८ चा शरद उजाडला. हा अडीच वर्षांचा काळ मला फार मोठा वाटतो, विशेषतः त्यानंतर लगेच काय येऊन ठेपले ते ठाऊक असताना.

कड दुरुस्त केल्यावर आज सव्वाचार मीटरला काटा २५५ ग्रॅमवर थांबला, म्हणजे वजनाच्या सुमारे २२ टक्के. पाच मीटरला तो खाली येऊ लागला आणि झुलणे अजिबात झाले नाही. पाण्याच्या घर्षणाचा वाटा लहान प्रतिकृतीत प्रमाणाबाहेर मोठा असतो, त्यामुळे खऱ्या विमानाला लागणारा जोर याहून कमी धरायला हवा. तरी वजनाच्या बावीस टक्के म्हणजे १०५० किलोंच्या आसपास, आणि त्या काळच्या एका इंजिनाकडून ही मागणी हलकी नव्हती. पितळी पट्टीच्या एका मिलिमीटरने पंचावन्न ग्रॅम वाचवले, हे मी आज काठावर बसून तीनदा वहीत लिहिले आणि दोनदा खोडले, कारण विश्वास बसत नव्हता. चौथ्या ओढीतही तेच आले.

२५ मे

ज्या प्रश्नासाठी दोन प्रकारची भाराची सोय केली होती त्याची चाचणी झाली. माझा फेब्रुवारीतला समज चुकीचा ठरला.

इंधनाचा भार एकदा तरंड्यांत आणि एकदा धडात ठेवून प्रतिकृती आडव्या लाटांवर सोडली. लाटा फळी दाबून काढल्या. दोन्ही वेळा ती जवळजवळ सारखीच स्थिर राहिली. मग मी आधीच करायला हवा होता तो हिशोब केला. इंधन एकूण वजनाच्या पावणेबारा टक्के. ते धडातून तरंड्यांत, म्हणजे सव्वादोन मीटर खाली गेले तर गुरुत्वमध्य सुमारे २६ सेंटिमीटर उतरतो, प्रतिकृतीत १६ मिलिमीटर. आता तरंड्यांमधले अंतर चार मीटर आणि प्रत्येकाचे पाणरेषेवरचे क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटर धरले, तर मेटासेंटर तरंगकेंद्राच्या, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्याच्या, नऊ मीटरांहून वर येतो. (मेटासेंटर हा तरंगणारी वस्तू कलल्यावर तिला सावरणारा बिंदू; तो गुरुत्वमध्याच्या जितका वर, तितकी वस्तू स्थिर.) गुरुत्वमध्य पाण्यापासून अडीच मीटर असो की सव्वादोन, शिल्लक सात मीटरांच्या आसपास राहतेच. दूर दूर ठेवलेल्या दोन तरंड्यांनीच विमानाला स्थिरता दिलेली असते. इंधन खाली नेऊन त्यात फारशी भर पडत नाही.

मग इंधन तिथे का ठेवले असावे? आता मला वाटते की उत्तर तरंड्यात शोधायचे नसून धडात आणि पंखांत शोधायचे आहे. धडात तीन माणसे एका लांब काचेच्या छताखाली एकामागे एक बसतात आणि त्यांच्याखाली टॉर्पेडोची खोबण येते. तिथे पाचशे-सहाशे किलो पेट्रोलला जागा काढायची तर धड लांबवावे किंवा फुगवावे लागले असते. पंखांविषयी तर आणखी ठोस कारण दिसते. या विमानाचा ‘बी’ हा प्रकार पंख मिटणारा होता आणि तो ‘कोमांदाँ तेस्त’ या जलविमानवाहू जहाजासाठी केला गेला. पंखांत इंधन नसेल तर बिजागराच्या सांध्यातून नळ्या न्याव्या लागत नाहीत आणि मिटलेला पंख हलका राहतो. हा माझा तर्क आहे, पण आरेखनाच्या सगळ्या बाजू त्याच्याशी जुळतात.

त्याची किंमतही होती. तरंड्याला गोळी लागली तर पेट्रोल बाहेर आणि पाणी आत, अशा दोन्ही संकटांना एकच भोक पुरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर माणसांच्या मांडीखाली पेट्रोल नाही ही गोष्टही लहान नाही.

१ जून

‘कोमांदाँ तेस्त’विषयी एक गोष्ट वेगळी नोंदवतो. १९२९ मध्ये पाण्यात उतरवलेल्या, १६७ मीटर लांबीच्या या जहाजावर विमान फेकणारी चार झेपयंत्रे होती, पण त्यांची ताकद सुमारे अडीच टनांच्या विमानांपुरती होती. भरलेले २९८ त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा ते क्रेनने उचलून समुद्रावर ठेवायचे आणि त्याने स्वतःच्या तरंड्यांवर धावत उडायचे. जहाजाच्या आडोशाबाहेर, उघड्या समुद्रात, टॉर्पेडोसह. टेकाडाच्या वेगाला लागणारा प्रत्येक किलो जोर तिथे मोजला जात असणार, आणि माझी ती पंचावन्न ग्रॅमची नोंद मला आता त्या समुद्रासकट दिसते.

१४ जून

शेवटची ठरवलेली चाचणी टॉर्पेडो सोडण्याची. खरे तर तो हवेतून, पाण्यालगत उडताना सोडतात. मला फक्त एवढे पाहायचे होते की वजनाचा चौदा टक्के भाग क्षणात गेला तर विमानाचा तोल कुठे जातो. प्रतिकृती शांत पाण्यावर ठेवली आणि खोबणीतली कळ दोऱ्याने ओढली. १६० ग्रॅमचा पितळी टॉर्पेडो तरंड्यांच्या मधून सरळ खाली गेला. विमान साडेतीन मिलिमीटर वर आले. पुढच्या आणि मागच्या पाणरेषेत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडला नाही, म्हणजे खोबण गुरुत्वमध्याखाली नेमकी बसली आहे.

ज्या कामासाठी हा सगळा तोल सांभाळला होता ते काम या विमानांच्या वाट्याला फारसे आले नाही. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा उत्तर फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा जी विमाने हाताशी होती ती सगळी लढाईत ओढली गेली. समुद्रावर जहाजांना टॉर्पेडो मारण्यासाठी घडवलेली २९८ विमाने जमिनीवरच्या सैन्यावर आणि वाहतुकीवर बॉम्ब टाकायला पाठवली गेली. तरंड्यांचे ओझे घेऊन, ताशी २९० किलोमीटरच्या आतल्या वेगाने, रस्त्यांवरच्या विमानवेधी तोफांवरून. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटते, आणि प्रतिकृती हातात असल्यापासून जास्तच.

२१ जून

तुटलेले पंखाचे टोक नवे करून बसवले. तळ्याच्या तळाशी गेलेला टॉर्पेडो काठाजवळच्या उथळ पाण्यात पायाने चाचपून सापडला. पुढची ओढ सप्टेंबरात, पंख मिटण्याचे बिजागर तयार झाल्यावर. त्यासाठी बाबांनी पितळी पिनांची मापे मागितली आहेत आणि ती आज पाठवली: व्यास २ मिलिमीटर, लांबी १८, नग चार, एक टोक गोल मारलेले, दुसरे धारदार.